गाडी मरते ती पत्र्यानं

मारुती ओम्नीचं ऑइल तपासायचं असलं की नवा माणूस गाडीच्या पुढे जाऊन बॉनेट शोधतो. तिथे इंजिन नाहीच. सपाट तोंड, जाळी, जाळीमागे रेडिएटर, बस्स. इंजिन पुढच्या सीटखाली. बसलेल्याला उठवायचं, सीट उचलून मागे कलती करायची, खालचं झाकण काढायचं, तेव्हा ते ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इवलंसं यंत्र दिसतं. चाळीस हॉर्सपॉवरसुद्धा नसलेल्या या इंजिनानं शाळेची पोरं, लग्नाचं वऱ्हाड, बेकरीचे ट्रे, मंडपाचे पडदे आणि दवाखान्यात न्यायची माणसं असं सगळं ओढलं. हिंदी सिनेमानं तिला पळवापळवीची गाडी करून टाकलं, कारण म्हणे सरकता दरवाजा झटक्यात उघडतो. त्या दिग्दर्शकांनी रोलर झिजलेला दरवाजा कधी उघडून पाहिलेला नसावा. तो उघडायला दोन माणसं लागतात आणि लावायला तिसरं.

१९८४ साली ती 'मारुती व्हॅन' म्हणून आली, १९८८ मध्ये ओम्नी झाली आणि २०१९ मध्ये, नव्या सुरक्षा निकषांत बसेना म्हणून, बंद झाली. म्हणजे आता रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ओम्नी जुनी. माझी २००७ची, कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल इंजेक्शन, आल्यानंतरची. शाळाशाळांत पुस्तक प्रदर्शनं भरवणं हा माझा धंदा. पुस्तकांइतकं जड आणि कमी नफ्याचं सामान दुसरं नाही, त्यामुळे गाडी स्वस्त हवी, तिच्यात खोके उभे राहायला हवेत आणि ती गल्लीत वळायला हवी. सेकंडहँड ओम्नीत हे तिन्ही बसतं. खर्च नंतर सुरू होतो. तो कुठून येतो हे मी मालक म्हणून शिकलो, पण त्याहून जास्त शिकलो कोल्हापुरात उद्यमनगरच्या कडेला असलेल्या एका गॅरेजच्या बाकड्यावर बसून.

गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर, खाली खड्डा, भिंतीवर अंगठ्यांसारखे टांगलेले रिंगपाने आणि कोपऱ्यात कुणाकुणाची इंजिनं. मिस्त्री साठीच्या पुढचे. गाडी आत आली की ते आधी हात लावत नाहीत, मालकालाच विचारतात. "सेल्फ मारल्यावर लगीच घेती का?" "सकाळी धूर येतोय का चढाला?" "पाणी किती दिवसांनी घालता?" या प्रश्नांची उत्तरं देता देता निम्मं निदान होऊन गेलेलं असतं. सकाळी पहिल्या सेल्फला निळा धूर येऊन थांबतो, म्हणजे रात्रभर व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल खाली उतरलं. चढाला सतत निळा धूर, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या. पांढरा धूर येऊन पाणी कमी होत असेल, तर मिस्त्री चहा मागवतात. मग काम मोठं आहे असं समजायचं.

माझ्या गाडीनं आंबा घाटात पाणी टाकलं, तेव्हा चहा आला होता.

या गाडीचा सगळा आजार तिच्या मांडणीतूनच येतो. रेडिएटर पुढे, इंजिन मागे, आणि मधलं अंतर पाण्यानं जायचं ते गाडीच्या पोटाखालून, लांब पाइपांमधून. त्या पाइपांवर पुढच्या चाकांचा चिखल उडतो, पावसाळाभर ते ओले राहतात, आणि आत कूलंटऐवजी बोअरचं पाणी घातलेलं असेल तर गंज दोन्ही बाजूंनी पोखरत जातो. पाइप एकदम फुटत नाही. आधी जोडाजवळ हिरवट-पांढरी खपली दिसते, मग थेंब, आणि तो थेंबही गरम इंजिनावर वाफ होऊन जातो, त्यामुळे पार्किंगमध्ये जमिनीवर डाग दिसत नाही. बंद व्यवस्थेत दाब असतो म्हणून पाणी १०० अंशांना उकळत नाही, तो दाबच गेला की तेच पाणी घाटात दुसऱ्या गिअरवर उकळायला लागतं. मिस्त्रींनी सांगितलेली याहून वाईट गोष्ट म्हणजे काटा. तापमान सांगणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं बोलतो. पाणी त्याच्या खाली गेलं की तो वाफेत लटकतो आणि काटा कधीकधी खालीही येतो. "काटा खाली आला म्हणून लोक खूश हुत्यात," मिस्त्री म्हणाले, "आन् तितनं फुडं दामटत्यात."

दोन-तीनशे रुपयांचा पाइप गेला आणि त्यानं अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकवलं. ओम्नीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. दोन्ही धातू तापल्यावर वेगवेगळे फुगतात, त्यांच्यात समेट घडवायचं काम गॅसकेट करतं. तापमान हाताबाहेर गेलं की हेड केसभर वाकतं आणि तेवढ्या फटीतून सिलिंडरमधला वायू पाण्यात किंवा पाणी ऑइलमध्ये जातं. रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू केलं तर आत बुडबुडे दिसतात. ऑइलच्या टोपणाच्या आतल्या बाजूला दुधाळ मलई जमते.

हेड उतरवणं बघण्यासारखं असतं. आधी पाणी सोडतात, बॅटरीची तार काढतात, मग टायमिंग बेल्टचं कव्हर. बेल्ट काढण्याआधी वरच्या आणि खालच्या पुलीच्या खुणा जुळवून मिस्त्री पोराला बोलावतात आणि त्याच्याकडून त्या मोठ्यानं म्हणवून घेतात, कारण परत बसवताना एक दात चुकला तरी इंजिन नीट चालत नाही. सायलेन्सरच्या बाजूचे नट कधीच सुखासुखी निघत नाहीत, त्यांना आदल्या रात्री डिझेल पाजून ठेवावं लागतं. घाई करणाऱ्या गॅरेजात तिथेच एक स्टड तुटतो, तो काढायला लेथवाला बोलवावा लागतो आणि बिलात न सांगता एक ओळ वाढते. हेड हातात आलं की त्यावर सरळ पट्टी आडवी, उभी, तिरकी ठेवून खालून फीलर गेजचं पान घालून बघतात. पान सरकलं की हेड फेसिंगला गेलं.

फेसिंग उद्यमनगरातच होतं. शेतीच्या ऑइल इंजिनांवर हात बसलेली ही वसाहत. इथे एका गल्लीत बोअर मारून मिळतो, पुढच्या गल्लीत क्रँक ग्राइंड होते, तिसऱ्या गल्लीत कुणी नुसत्या बुशाच करतं. कोल्हापूरच्या मालकाला जुनी गाडी परवडते याचं निम्मं श्रेय या गल्ल्यांना द्यायला हवं. जिथे असं काही नाही, तिथे मिस्त्री हेड बघून "नवीन घाला" म्हणतो आणि तोही बिचारा खोटं बोलत नसतो.

हेड परत आल्यावर व्हॉल्व्ह घासायचे. व्हॉल्व्हच्या कडेला पेस्ट लावून, रबरी टोक असलेली काठी दोन तळव्यांत धरून, ताक घुसळल्यासारखं मागेपुढे फिरवायचं. मधूनमधून पुसून बघायचं, कडेला एकसारखी करडी रेघ उमटली का. मग पोर्टमध्ये रॉकेल ओतून ठेवतात. खाली थेंब आला नाही तरच मिस्त्री मान हलवतात. बसवताना बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्यानं आवळतात, शेवटचा टप्पा टॉर्क पान्यानं. अनेक गॅरेजांत तो पाना नसतो, असला तरी पेटीतच असतो, आणि हाताच्या अंदाजानं आवळलेलं हेड पुढच्या उन्हाळ्यात परत येतं.

याच वेळी मालकाच्या कानावर "उघडलंच आहे तर" हे शब्द पडतात. उघडलंच आहे तर व्हॉल्व्ह सील टाकून घ्या, टायमिंग बेल्ट आणि त्याचं बेअरिंग बदला, वॉटर पंप जरा गळतोय, क्लच केबलही बघून घेऊ. ऐकताना हे लुबाडणं वाटतं, पण यातलं बहुतेक खरं असतं. या कामात पार्ट स्वस्त आणि मजुरी महाग. तेच झाकण पुन्हा उघडायला तेवढीच मजुरी पुन्हा लागते. मी एक नियम करून घेतला आहे. त्याच मजुरीत हाताशी येणारा, रबराचा किंवा घासला जाणारा पार्ट असेल तर बदलायचा. धातूचा, शाबूत दिसणारा असेल तर राहू द्यायचा. हेडच्या त्या कामाचं एकूण बिल दहा हजारांच्या अलीकडेच थांबलं. त्याच पैशांत आजकाल काही नव्या गाड्यांची एक मोठी सर्व्हिसही होत नाही.

पाणी भरण्याची रीत वेगळीच. मिस्त्रींनी गाडी गॅरेजच्या उतारावर तोंड वर करून लावली. लांबलचक पाइपांत हवा अडकते, आणि हवेचा गोळा इंजिनात राहिला तर नवं गॅसकेटही टिकत नाही. तोंड वर असलं की हवा रेडिएटरच्या झाकणाकडे येते. इंजिन चालू ठेवून, झाकण उघडं ठेवून, थोडं थोडं कूलंट ओतत, वरचा पाइप हातानं दाबत ते अर्धा तास उभे होते. फॅन आपोआप चालू होऊन आपोआप बंद झाल्यावरच झाकण लागलं.

एका गोष्टीवर आमचं पटलं नाही. मिस्त्रींच्या पिढीला थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह आवडत नाही. "आपल्याकडं उकाडा, त्यो कशाला?" म्हणून तो काढून टाकतात. तो अडकला तर गाडी उकळते हे खरं आहे. पण काढून टाकला तर इंजिन गरम व्हायला फार वेळ घेतं, थंड इंजिनाला इंजेक्शनचा संगणक जास्त पेट्रोल पाजत राहतो, आणि ते जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं. कार्ब्युरेटरच्या काळात चालून गेलेली ही सवय एमपीएफआयला महाग पडते. मी नवा आणून दिला, त्यांनी बसवला, पण चेहरा असा केला की जणू मीच गाडीत साप सोडतोय.

बाकीच्या तक्रारी लहान आहेत, एकेक करून येतात आणि थोडक्यात मिटतात. गिअरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या लिंकेजच्या बुश झिजल्या की तिसरा गिअर शोधावा लागतो. बुश चिल्लर पैशांत येते, पण लोक गिअरबॉक्स उघडायला जातात. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस गेला की गाडी सोडताना खालून टक् असा आवाज येतो. मागे कमानपाटे आहेत. खोक्यांच्या वजनानं ते सपाट होतात, पण चांगला पाटेवाला त्यांना पुन्हा बाक देतो, हवं तर एक पाटा वाढवतो. तो जास्तीचा पाटा घालण्याच्या मी विरुद्ध आहे. पाटा वाढला की माणूस वजनही वाढवतो आणि १२ इंची टायर मात्र तेवढेच राहतात. ब्रेकचे व्हील सिलिंडर गळतात, थ्रॉटल बॉडीत काजळी धरून आयडलिंग वरखाली होतं, अर्थिंगची तार गंजून भर दिवसा नसलेले आजार दिसायला लागतात. चेक इंजिनचा दिवा लागला की सेन्सर बदलण्याआधी त्याचा कनेक्टर काढून, साफ करून परत लावावा. निम्म्या वेळा तेवढ्यानं भागतं.

पार्टांची ददात नाही. इतकी वर्षं एकच इंजिन चालल्यामुळे तालुक्याच्या गावातही फिल्टर आणि क्लचप्लेट मिळते. काही अडलं तर पुण्यात नाना पेठ आहे, वापरलेल्या पार्टसाठी मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आहे. कंपनीचा पार्ट आणि लोकल पार्ट यांत निवड करताना मी एवढंच बघतो की तो तुटला तर गाडी थांबेल की माणूस मरेल. ब्रेक, बॉलजॉइंट, टायरॉड एंड यांना लोकल नाही. आरशाची काच, दरवाजाची कडी, दिव्याचं भिंग खुशाल लोकल.

इथपर्यंतचं सगळं इंजिनाचं आणि चालीचं, आणि ते सगळं दुरुस्त होतं. बोअर झिजला तर ओव्हरसाइज पिस्टन बसतो, इंजिन अगदीच संपलं तर भंगारवाल्याकडून दुसरं मिळतं. म्हणूनच "इंजिन अजून टकाटक आहे" असं सांगणाऱ्या विक्रेत्याकडे मिस्त्री लक्षच देत नाहीत. ते गुडघ्यांवर बसून खाली बघतात. त्यांचं मत मला सुरुवातीला अतिशयोक्ती वाटायचं, आता पटलंय. ओम्नी इंजिनानं मरत नाही, पत्र्यानं मरते.

जीपला किंवा ट्रकला खाली जाड चॅसी असते, वरची बॉडी सडली तरी उचलून दुसरी ठेवता येते. ओम्नीला वेगळी चॅसी नाही. पत्रा दुमडून, एकमेकाला स्पॉट वेल्डिंगनं चिकटवून केलेली पेटी हीच तिची हाडं. पाटे ज्या हँगरना टांगलेले असतात ते याच पत्र्याला जोडलेले. पत्र्याचे दोन थर जिथे एकत्र येतात तिथे कंपनीनं सीलंट भरलेलं असतं. पंधरा वर्षांत ते वाळून तडकतं आणि पावसाचं पाणी दोन थरांच्या मध्ये शिरतं. तिथे ऊन नाही, वारा नाही, रंगही धड पोचलेला नाही. त्यामुळे गंज आतून बाहेर येतो. बाहेर रंगाला पुटकुळी दिसली की आतला पत्रा आधीच गेलेला असतो.

तो कुठे गेलेला असतो हे बहुतेक ठरलेलं आहे. पुढच्या चाकाच्या मागची बाजू, जिथे चिखल थेट आदळतो. सरकत्या दरवाजाची खालची रेल, जिच्यात धूळ, शेंगांची टरफलं आणि पावसाचं पाणी यांचा लगदा कायम ओला असतो. दरवाजांच्या खालची कड. तिथे पाणी जायला भोकं ठेवलेली असतात, ती चिखलानं बुजली की दरवाजाचं पिंप होतं. आणि पायाखालची जमीन. वर रेक्झिन, त्याखाली जाड नमदा, त्याखाली पत्रा. काच गळते, ओल्या छत्र्या ठेवल्या जातात, नमदा पाणी पितो आणि महिनेच्या महिने सोडत नाही. गगनबावड्याच्या पावसात फिरलेल्या गाडीचा नमदा मी दिवाळीत उचलला, तेव्हाही तो पिळता येत होता.

डेंटरचं काम मिस्त्रींच्या कामापेक्षा वेगळं आणि फसवायला सोपं. सडलेला भाग ग्राइंडरनं चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा, त्या मापाचा नवा तुकडा ठोकून आकार द्यायचा, वेल्डिंग करायचं, आतून-बाहेरून प्रायमर, जोडावर सीलंट, मग रंग. हे खरं काम. दुसरं काम असं की सडक्या भागावर जाळी किंवा पातळ पत्रा चिकटवायचा, वरून लांबी, म्हणजे पुट्टी, थापायची, पॉलिश पेपरनं गुळगुळीत करायची आणि रंग मारायचा. दोन्ही गाड्या डिलिव्हरीच्या दिवशी सारख्याच दिसतात. दुसरी पहिल्या पावसाळ्यानंतर लांबीला तडे देते. मी डेंटरला एवढंच सांगतो की लांबी भरण्याआधी फोन करा, बघायला येतो. जो डेंटर याला हसून हो म्हणतो त्याच्याकडे गाडी ठेवावी.

पोटाला काळं अँटीरस्ट कोटिंग मारण्याबद्दलही मत नोंदवून ठेवतो. नव्या, कोरड्या, स्वच्छ पत्र्यावर ते उत्तम. आधीच गंजलेल्या, ओल्या पत्र्यावर मारलं तर ते पाण्याला आत कोंडून ठेवतं आणि गंजाला पांघरूण मिळतं. विकायच्या आदल्या आठवड्यात मारलेलं कोटिंग तर नेहमीच काहीतरी लपवत असतं. त्यापेक्षा पावसाळा संपल्यावर गाडी खड्ड्यावर घेऊन पोट पाण्यानं धुवावं, दोन दिवस उन्हात सगळे दरवाजे उघडे ठेवावेत, दरवाजांची भोकं तारेनं मोकळी करावीत, आणि जोडांमध्ये पातळ ऑइल सोडावं. मालकाला स्वतःला जमणारं आणि जवळपास फुकट असं हे एकच काम आहे, आणि तेच सगळ्यात जास्त पैसे वाचवतं.

आता कागद. मोटारीची नोंदणी १५ वर्षांची. ती संपल्यावर गाडी आपोआप भंगारात जाते असा समज दिल्लीच्या बातम्यांमुळे पसरला आहे. दिल्ली परिसरात १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश आले, ते तिथले. महाराष्ट्रात खासगी गाडीचं पुन्हा पासिंग करून आणखी पाच वर्षांची मुदत मिळते. त्यासाठी फॉर्म २५ भरायचा, गाडी आरटीओत दाखवायची, आणि फी भरायची. ही फी एकेकाळी ६०० रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली आणि माझी गाडी नेमकी त्याच वर्षी पंधरा वर्षांची झाली. शिवाय पेट्रोल मोटारीला पाच वर्षांचा पर्यावरण कर तेव्हा ३,००० रुपये होता. मुदत उलटून अर्ज केला तर दर महिन्याला ५०० रुपये जास्तीचे. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी हीच नूतनीकरणाची फी १०,००० करण्यात आली. म्हणजे २०२७ मध्ये माझी पाळी पुन्हा येईल तेव्हा दुप्पट.

पासिंगच्या दिवशी आरटीओत उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांच्या रांगेत एक गंमत दिसते. सगळ्या गाड्यांचे दिवे, हॉर्न, वायपर त्या एका दिवसापुरते ठणठणीत असतात. चहाच्या टपरीवर वायपरच्या काड्यांची अदलाबदल चालते. खाली वाकून हँगर बघणारा मात्र रांगेत कुणी नसतो.

बाकी कागद ठरलेले. एक हजार सीसीच्या आतल्या खासगी मोटारीचा थर्ड पार्टी विमा वर्षाला २,०९४ रुपये, अधिक १८ टक्के जीएसटी. गाडीची विम्यातली किंमतच इतकी उतरलेली असते की स्वतःच्या नुकसानीचा विमा घेण्यात अर्थ उरत नाही. बीएस-४च्या आधीच्या गाडीला पीयूसी दर सहा महिन्यांनी. नव्या उच्च सुरक्षा नंबरप्लेटचे चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी, हा खर्च एकदाच. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं आणि जुन्या रबरी पाइपांना मानवत नाही, म्हणून मिस्त्रींनी टाकीपासून इंजिनापर्यंतचे सगळे पेट्रोल पाइप आणि क्लिपा बदलून टाकल्या. सीटखाली गरम इंजिन, त्याच्याजवळून जाणारा पेट्रोलचा पाइप आणि वर बसलेला माणूस, अशी मांडणी असताना या एका खर्चावर घासाघीस करू नये. याच कारणानं घरगुती सिलिंडरमधून गॅस भरून चालवलेल्या ओम्नीत मी माझं पुस्तकाचं खोकंही ठेवणार नाही. शाळेची मुलं तर दूरच राहिली.

आणि एक खर्च पैशांत येत नाही. या गाडीत चालकाचे गुडघे जवळजवळ बंपरला टेकलेले. पुढे इंजिन नाही, चुरा होऊन धक्का पिणारा भाग नाही, माझ्या गाडीत एअरबॅग नाही. १९८४ मध्ये आपण हे चालवून घेतलं कारण पर्याय नव्हता. आज मी तिला गावात, गाव ते गाव, साठच्या आत चालवतो. महामार्गावर रात्री नेत नाही आणि घरच्यांना घेऊन लांब जात नाही. जुनी व्हॅन ठेवणाऱ्यानं हे स्वतःशी मान्य करायला हवं, नाहीतर बाकीचा हिशेब कितीही जुळला तरी व्यर्थ.

हिशेब जुळतो, हे मात्र खरं. फी, कर, विमा, ऑइल, वर्षाआड टायरची जोडी आणि मिस्त्रींचं एखादं मोठं काम धरलं तरी वर्षाचा खर्च नव्या छोट्या मालवाहू गाडीच्या चार-पाच हप्त्यांपेक्षा कमी बसतो. ज्या दिवशी गाडी बंद पडते त्या दिवशीचं प्रदर्शन मात्र बुडतं, आणि मुख्याध्यापकांना 'हेड गॅसकेट' समजावून सांगता येत नाही. ज्याचा धंदा रोजच्या वेळेवर चालतो, दूधवाला किंवा शाळेची ने-आण करणारा, त्यानं या फंदात पडू नये. ज्याला आठवड्यातून दोन-चार दिवस ओझं वाहायचं आहे आणि ज्याच्या गावात चांगला मिस्त्री आहे, त्याला ती अजूनही परवडते.

घ्यायचीच असेल, तर दिवसाउजेडी बघा आणि खिशात एक छोटं चुंबक आणि पेचकस ठेवा. चुंबक दरवाजांच्या खालच्या कडेवरून फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे. मालकाची परवानगी घेऊन रेक्झिन उचला आणि नमदा हातानं दाबा. इंजिन थंड असतानाच सेल्फ मारायला लावा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी दाखवत असतील तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. आरसीवरची मुदत वाचा आणि पुढची फी किमतीतून वजा करा. शेवटी खाली झोपून मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ पेचकस टेकवून दाबा. तो आत गेला, तर इंजिन कितीही गोड चालत असो, ती गाडी घेऊ नका.